सूर कागदावर उतरला तेव्हा

एखादी चाल घ्या. कुठलीही. लहानपणापासून म्हणत आलेली आरती असो, नाहीतर परवाच ऐकलेलं सिनेमाचं गाणं असो. आता ती कागदावर लिहून काढा. शब्द नाहीत, फक्त चाल. ज्याने ती जन्मात ऐकलेली नाही त्याने तुमचा कागद बघून नेमकी तीच गायली पाहिजे. कसं लिहाल?

सातव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या सेव्हिलचे बिशप इसिडोर यांनी या प्रश्नाचा निकाल लावून टाकला होता. आपल्या काळातलं हाती लागेल तेवढं ज्ञान एका ग्रंथात गोळा करणारा हा प्रकांड पंडित. त्यांचं म्हणणं असं, की माणसाने ध्यानात धरले नाहीत तर स्वर नष्ट होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. प्राचीन ग्रीकांकडे अक्षरांची स्वरलिपी होती, पण पश्चिम युरोपात तिचा वापर केव्हाच थांबला होता. आणि गंमत बघा, साधारण त्याच काळात, सातव्या-आठव्या शतकात, तमिळनाडूतल्या कुडुमियानमलई इथे कुणीतरी कातळावर स्वरांची अक्षरं ओळीने कोरत होतं! सेव्हिलपर्यंत ती बातमी कुठून जाणार?

मुळात लिहायचं तरी काय? एक तार ताणून छेडा, एक सूर मिळेल. तिला बरोबर मधोमध दाबून अर्धीच छेडा, तर वरच्या सप्तकातला तोच सूर. तारेचा दोन तृतीयांश भाग छेडला तर पंचम, तीन चतुर्थांश छेडला तर मध्यम. किती साधे अपूर्णांक! ज्याला अंकगणिताचा गंध नाही तोसुद्धा सा आणि प एकत्र वाजले की सुखावतो. कान न शिकताच हे गणित करतो. सुराची उंची ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे तो किती वेळ टिकतो. या दोनच गोष्टी कागदावर पकडायच्या होत्या, आणि त्यासाठी युरोपला जवळजवळ पाच शतकं लागली. आधी उंची सापडली, वेळ बऱ्याच उशिराने.

सुरुवात झाली ती राज्यकारभाराच्या अडचणीतून. इसवी सन ८०० मध्ये सम्राट झालेल्या शार्लमेनला आपल्या अफाट राज्यातल्या प्रत्येक चर्चमध्ये रोमच्या पद्धतीचीच प्रार्थनागीतं हवी होती. पण रोमची चाल उत्तरेला पोचवायची कशी? माणूस पाठवूनच. तो माणूस जे गाईल ते ऐकून ऐकून पाठ करायचं. वर्षभरातल्या सणवारांची शेकडो गीतं, सगळी कंठस्थ. मग नवव्या शतकात कुणाच्या तरी लेखणीने प्रार्थनेच्या शब्दांवर बारीक खुणा करायला सुरुवात केली. सूर वर गेला की वर जाणारी रेघ, खाली आला की उतरती, हेलकावा असेल तर वळण. या खुणांना न्यूम म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनच्या मठात दहाव्या शतकातली अशी हस्तलिखितं आजही जपलेली आहेत आणि ती दिसायला फार सुंदर आहेत. पण कुणी घाटाचा नकाशा काढून द्यावा, त्यात चढ कुठे, उतार कुठे, वळण कुठे हे सगळं असावं आणि किती फूट चढायचं तेवढंच नसावं, तशी त्यांची गत होती. ज्याला चाल आधीच येते त्याला आठवण करून देण्यापुरत्याच त्या कामाच्या.

ही कोंडी फोडली ग्वीदो नावाच्या एका मठवासीयाने. इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या पोम्पोसाच्या मठात तो मुलांना गाणं शिकवायचा. मुलं वर्षानुवर्षं घोकतात आणि तरी एक नवं गीत स्वतःहून गाऊ शकत नाहीत, हे त्याला बघवेना. पुढे तो अरेत्सो शहरात आला आणि १०२५च्या सुमारास त्याने जे केलं ते इतकं साधं आहे की चकित व्हायला होतं. त्याने आडव्या रेघा मारल्या. प्रत्येक रेघेचा सूर ठरलेला, दोन रेघांमधल्या जागेचाही सूर ठरलेला. एक रेघ लाल, एक पिवळी. कुठल्या सुराच्या लगेच खाली अर्ध्या अंतराचा छोटा टप्पा आहे, हे त्या रंगांवरून डोळ्याला लगेच कळे. बस्स! सुराची उंची आता कागदावरची उंची झाली. कानाचं काम डोळ्यांनी करता येऊ लागलं.

त्याचं दुसरं काम तितकंच विलक्षण. सेंट जॉन बाप्टिस्टच्या एका स्तोत्राची चाल अशी होती, की पहिल्या सहा चरणांतला प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होई. ग्वीदोने त्या चरणांची पहिली अक्षरं उचलली: उत, रे, मी, फा, सोल, ला. ‘उत’च्या जागी ‘दो’ आणि वर सातवा ‘सी’ आला तो खूप पुढे. आता हे सहा सूर आपल्या शुद्ध सा रे ग म प ध शी ताडून बघा. जुळतात! आपल्या ग आणि म मध्ये जो छोटा टप्पा, तोच त्यांच्या मी आणि फा मध्ये. शिवाय आपला सा जसा काळी एक असो वा पांढरी चार, कुठेही धरता येतो, तसा ‘उत’ही एकाहून अधिक ठिकाणी धरायची सोय होती.

पोप जॉन एकोणिसावे यांच्या कानावर ही कीर्ती गेली. त्यांनी ग्वीदोला रोमला बोलावलं, त्याची पोथी समोर घेतली, नियम समजून घेतले आणि कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः गाऊन पाहिली. ती बरोबर आली. ग्वीदोनेच एका मित्राला लिहिलेल्या पत्रात हे सांगितलं आहे. जे शिकायला दहा वर्षं लागत ते आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत जमतं, असा त्याचा दावा होता.

आतापर्यंत सगळे एकच चाल गात होते. एका चालीवर दुसरी चाल घालायचे प्रयोग नवव्या शतकापासून दिसतात, पण ते साधे. एकाने सा वर गायचं, दुसऱ्याने तीच चाल प वर किंवा म वर. तारेच्या त्या साध्या अपूर्णांकांमुळे कानाला ते गोड लागे. खरा स्फोट झाला पॅरिसमध्ये. ११६३च्या सुमारास तिथे नोत्र दामचं प्रचंड कॅथीड्रल उभं राहू लागलं आणि त्याच दशकांत त्याच्या छायेत लेओनँ आणि पेरोतँ या दोघांनी आवाजांची इमारत रचली. त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत ती शंभरेक वर्षांनंतरच्या एका अनामिकाच्या टिपणांमुळे. तो बहुधा पॅरिसला शिकायला आलेला इंग्लिश विद्यार्थी असावा. त्याने लिहिलं नसतं तर हे दोघं आपल्यालेखी नसतेच.

पेरोतँची ‘विदेरुंत ओम्नेस’ ही नाताळची रचना घ्या. ११९८च्या नाताळासाठी ती रचली गेली असं मानतात. खालचा आवाज जुन्या प्रार्थनेचा एकेक सूर धरून ठेवतो, तानपुऱ्याच्या खर्जासारखा दीर्घ. त्याच्यावर तीन आवाज उड्या घेत, एकमेकांना छेदत, एकमेकांची वाक्यं पळवत धावतात. शब्दाचं पहिलंच अक्षर संपायला जवळजवळ एक मिनिट लागतं! चार स्वतंत्र चाली एकाच वेळी. हे तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

पण इथेच नवी अडचण आली. एकटा गाणारा लय मनात सांभाळतो. चौघं चार वेगळ्या चाली गाणार असतील, तर कोण कुठल्या क्षणी कुठे असेल हे ठरायला नको? म्हणजे आता वेळही लिहायला हवी. पॅरिसच्या मंडळींनी दीर्घ आणि ऱ्हस्व सुरांचे ठरावीक साचे बांधले. मग १२८०च्या सुमारास कोलोनच्या फ्रांकोने निर्णायक नियम मांडला: खुणेचा आकार बघा, त्यावरूनच तो सूर किती लांब ते कळेल. आज पियानो शिकणारं पोर काळ्या आणि पोकळ टिकल्या बघून मात्रा मोजतं ते याच तत्त्वावर.

त्या काळी दीर्घ सुराचे तीन भाग करत. तीन हा आकडा ख्रिस्ती त्रैक्याचा, म्हणून परिपूर्ण. १३२०च्या सुमारास फिलिप द व्हित्री आणि त्याच्या पिढीने दोन भागांनाही तोच मान दिला आणि खळबळ उडाली. आव्हिन्यॉंहून पोप जॉन बाविसावे यांनी फर्मान काढून सुरांचे असे बारीक तुकडे करणाऱ्यांना फटकारलं. गाणारे थांबले नाहीत. त्याच शतकात गियोम द माशोने संपूर्ण मास, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची गीतं, चार आवाजांत रचला. एकाच ज्ञात संगीतकाराने बांधलेला हा सर्वांत जुना पूर्ण मास. त्याचंच एक गीत आहे, ‘माझा अंत हाच माझा आरंभ’ अशा अर्थाच्या नावाचं. त्यात एक आवाज जी चाल गातो, तीच दुसरा आवाज शेवटाकडून सुरुवातीकडे गातो. कागदाशिवाय हे कुणाला सुचलं असतं? मला या सगळ्या कहाणीतलं हेच सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. स्वरलिपी जन्मली आठवण टिकवण्यासाठी, आणि तिने कुणाच्याही आठवणीत नसलेलं संगीत जन्माला घातलं. आपल्याकडे वाट वेगळी निघाली. एकाच आवाजाने एकाच रागात किती खोल जायचं, ते गुरूच्या समोर बसून शिकायचं. ती वाटही तेवढीच थोर आहे.

या दोन वाटा गोव्यात भेटल्या. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना रेघांवरचे सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. त्या परंपरेतले वादक मुंबईच्या सिनेमात आले. अँथनी गोन्साल्विस, सबेस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरांनी आपल्या चालींभोवती वाद्यवृंदाचे थर लिहिले, आणि भरल्या स्टुडिओतल्या वादकांनी ते कागदावरून वाजवले.

‘विदेरुंत ओम्नेस’ इंटरनेटवर सहज सापडतं. हेडफोन लावून, डोळे मिटून एकदा ऐका. पहिल्या खेपेला नुसत्या खालच्या दीर्घ सुरावर कान ठेवा, आणि दुसऱ्या खेपेला वरच्या तिघांतला कुठलाही एक आवाज निवडून शेवटपर्यंत त्याचा पाठलाग करा.