पॅनल मोठं, तरी दिवा का विझतो?

विजेची लाईन न पोचलेल्या शेतघरात सौर दिवे लावायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘पॅनल किती वॅटचं घेऊ?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण हिशेब तिथून सुरू होत नाही. वॅट म्हणजे वीज तयार होण्याचा किंवा खर्चण्याचा वेग. साठा मोजायचा तो वॅट-तासांत (वॅट गुणिले तास). नळाची धार आणि टाकीतलं पाणी यांत जो फरक, तोच इथे. 9 वॅटचे 4 एलईडी दिवे रोज 5 तास लावले तर 180 वॅट-तास लागतात. 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर 480 वॅट-तास असतात. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून हाताशी राहतात 240. एका रात्रीची सोय झाली. पुढच्या ढगाळ दिवसाची नाही.

‘मग पॅनलच दुप्पट घ्यावं’, असं कोणी म्हणेल. स्वच्छ उन्हात 100 वॅटचं पॅनलही दिवसाला साधारण 300 ते 400 वॅट-तास देतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. भरलेल्या टाकीत आणखी पाणी मावत नाही. जादा वीज चार्ज कंट्रोलर (बॅटरी प्रमाणाबाहेर भरू न देणारं यंत्र) अडवतो. कोकणातल्या जुलैत मात्र हा आक्षेप बराच खरा ठरतो: तिथे पॅनल आणि बॅटरी दोन्ही वाढवावी लागतात. आणि नुसत्या दिव्यांसाठी इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज घरगुती एसी विजेत बदलणारं यंत्र) कशाला? 12 व्होल्टचे डीसी दिवे त्याच्याशिवाय चालतात, तेवढीच वीज वाचते. खरेदीला जाण्यापूर्वी दिवे आणि तास कागदावर मांडा, आणि दुकानदाराला वॅट-तासांतच विचारा.