लांडगा आला रे आला, पण कुणासाठी?

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. पण तिचा शेवट कधी नीट पाहिलात? लांडगा खरोखर येतो, मेंढरं फाडतो आणि निघून जातो. ओरडणारं पोरगं मात्र धडधाकट उभं असतं! ज्यानं कुणी ही गोष्ट रचली, त्याला लांडगा पक्का ठाऊक होता.

आता आकडे पाहा. २००२ ते २०२० या काळातल्या जगभरच्या लांडगा-हल्ल्यांच्या नोंदी नॉर्वेतल्या संशोधकांनी तपासल्या. खात्रीच्या नोंदींत हल्ला झालेली माणसं भरली ४८९. त्यांतली दगावली किती? २६! त्यांतलेही १४ जण पिसाळलेल्या लांडग्यांचे बळी. जवळपास त्याच काळात एकट्या भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली. भागाकार करून बघा. लांडग्यांच्या नावावर इतक्या वर्षांत जेवढे मृत्यू नोंदले गेले, तेवढे आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या दंशानं चार तासांत होतात. ज्याच्यापुढे आपण हात जोडतो, त्या हत्तीमुळेही देशात वर्षाला सुमारे ५०० जीव जातात.

लांडग्याच्या नावावर इतके कमी मृत्यू का? सोलापूरकडच्या माळावर धनगराचा वाडा पडलाय असं समजा. जाळीच्या वाघरीत मेंढरं दाटीवाटीनं बसलीत. अंधारातून लांडगा येतो, जेमतेम वीसेक किलोचा, काटक, लांब पायांचा. तो माणसाला हेरत नसतो, राखण कुठे चुकते एवढंच बघत असतो. कुत्रं भुंकलं, म्हातारीनं खडा भिरकावला, की पसार! शिकारीवर पोट असणाऱ्याला एक मोडका पाय म्हणजे उपासमार. शिवाय कशाला भक्ष्य म्हणायचं हे पिल्लू कळपातच शिकतं. ससा, काळवीट, मेंढरू. दोन पायांवर ताठ चालणारा प्राणी त्या यादीत नसतो.

कधी तरी मात्र तो त्या यादीत शिरतो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात लांडग्यांनी कित्येक मुलं उचलली. २०२४ मध्ये त्याच राज्यातल्या बहराइचलाही तेच घडलं. रानातलं भक्ष्य संपलेलं, घराला धड दार नाही, मोठी माणसं कामावर, लेकरू एकटं. अशा ठिकाणी लांडगा खरंच भयंकर ठरतो.

एरवी धोका असतो तो रेबीजचा. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के कुत्र्यांकडून येतो. आणि कुत्रा म्हणजे तरी कोण? हजारो वर्षांपूर्वी आपल्या शेकोटीपाशी आलेल्या लांडग्याचाच वंशज! आपण भितो त्या रानातल्या भावाला, आणि जपून राहायला हवं ते दारातल्या या भावाच्या चाव्याला.

भारतात आता लांडगे उरलेत साधारण ३,१००, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. माळावर एखादा दिसला, तर लांबूनच डोळे भरून पाहा. मात्र लांडगा असो वा कुत्रा, चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस टोचून घ्या.