साडी नागपूरची, हिशेब टपालाचा

नागपुरातून करवतकाठी टसर साडी ऑनलाइन विकणाऱ्याला परदेशी ऑर्डर आली, की आधी वजनकाटा काढावा लागतो. टपालाचा दर देश आणि वजनाच्या टप्प्यांवर ठरतो. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यामुळे टप्पा ओलांडला, तर नफ्याला कात्री. खासगी कुरिअरवाले बहुधा आकारमानही धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, 5000ने भागायची. उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं, तर पैसे त्याचेच. म्हणून साडी सपाट घडी घालून पाकिटातून पाठवलेली बरी.

खरा घाव 2025मध्ये बसला. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी अमेरिकेने 29 ऑगस्टला उठवली. भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली, ती 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली. पण जाहीर किमतीवर 50 टक्के शुल्क आगाऊ घेऊन. म्हणजे 6000 रुपयांच्या साडीवर 3000! ऐन दिवाळीआधीचे आठवडे हातचे गेले. बड्या निर्यातदाराला दुसऱ्या वाटा असतात, घरातून विकणाऱ्या बाईला मात्र पोस्टाची खिडकीच परवडते. डाकघर निर्यात केंद्रांमुळे कस्टमची कागदपत्रं सोपी झाली, हे चांगलंच झालं. आता छोट्या पार्सलांना दरातही सवलत मिळायला हवी.