रोव्हर्स चषक : बाद पद्धती आणि ‘राष्ट्रीय’ स्पर्धेचा अर्थ

मुंबईच्या रोव्हर्स चषक फुटबॉल स्पर्धेचा प्रारंभ १८९१ साली झाला. वूस्टरशर रेजिमेंटची पहिली पलटण ही तिची पहिली विजेती होय. भारतातील खेळांच्या इतिहासात ही स्पर्धा सर्वांत जुन्या अखिल भारतीय स्पर्धांपैकी एक म्हणून नोंदली जाते. तथापि, ज्या स्पर्धेत पुढील पंचेचाळीस वर्षे एकही भारतीय संघ विजयी झाला नाही, तिला प्रारंभापासून ‘राष्ट्रीय’ म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम ती ज्या पद्धतीने खेळली गेली त्या पद्धतीचे स्वरूप पाहणे इष्ट ठरेल.

ह्या पद्धतीचा आद्य नमुना म्हणजे इंग्लंडमधील फुटबॉल असोसिएशनचा चषक. संस्थेचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक ह्यांच्या सूचनेवरून जुलै १८७१ मध्ये तो सुरू करण्याचे ठरले. अल्कॉक ह्यांचे शिक्षण हॅरो येथे झाले होते आणि तेथील छात्रगृहांमध्ये होणाऱ्या सामन्यांतून ही कल्पना त्यांना सुचली होती. पहिल्या मोसमात १५ संघांनी नावे नोंदविली. त्यांतील तिघांनी एकही सामना न खेळता माघार घेतली. ग्लासगोचा क्वीन्स पार्क हा संघ तर एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत पोचला. तेथे वाँडरर्स संघाशी त्याची बरोबरी झाली. परंतु पुनःसामन्यासाठी लंडनला राहण्याचा वा परत येण्याचा खर्च न झेपल्याने त्याने माघार घेतली. १६ मार्च १८७२ रोजी केनिंग्टन ओव्हल येथे सुमारे दोन हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला आणि वाँडरर्सने रॉयल एंजिनिअर्स ह्या लष्करी संघाचा एका गोलने पराभव केला. अंतिम सामन्यापूर्वी विजेत्यांनी मैदानावर प्रत्यक्ष जिंकलेला सामना एकच होता. अंतर, खर्च आणि सवड ह्या तीन गोष्टी स्पर्धेच्या निकालात किती शिरतात, हे त्या पहिल्याच मोसमात दिसून आले.

ह्या पद्धतीसाठी मराठीत रूढ झालेली परिभाषा लक्षणीय आहे. इंग्रजी संज्ञेतील कल्पना ठोसा मारून पाडण्याची. मराठीने त्याऐवजी ‘बाद’ हा शब्द घेतला. हिशेबातून रक्कम बाद करतात, तसा पराभूत संघ यादीतून वजा होतो. न खेळता मिळणाऱ्या प्रवेशास ‘पुढे चाल’ म्हणतात. ‘उपांत्य’ हा शब्द तर व्याकरणातून आलेला आहे. शब्दातील शेवटून दुसरे अक्षर ते उपांत्य. त्याच न्यायाने शेवटून दुसरी फेरी ती उपांत्य फेरी. इंग्रजी संज्ञा ‘अर्धी अंतिम’ असे म्हणते. मराठी संज्ञा क्रम सांगते. मूळ अर्थाने मद्यपात्र असलेला ‘चषक’ हा संस्कृत शब्दही आता पारितोषिकाचाच वाचक झाला आहे.

बाद पद्धतीचे गणित साधे आहे. प्रत्येक सामन्यात एक संघ वजा होतो. म्हणून १६ संघांतून विजेता निवडण्यास १५ सामने पुरतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळावयाचे ठरविल्यास तेच सामने १२० होतात. इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ संघांची लीग सुरू झाली. ते सर्व संघ लँकशर व मिडलंड्स ह्या औद्योगिक प्रदेशांतील होते. त्यांच्यापाशी स्वतःची मैदाने होती, तिकीट काढून येणारा प्रेक्षक होता आणि गावे रेल्वेने परस्परांना जवळ होती.

त्याच १८८८ साली सिमल्यास ड्यूरंड चषक सुरू झाला. परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्यूरंड ह्यांनी तो दिला आणि रॉयल स्कॉट्स फ्यूझिलिअर्सने प्रथम जिंकला. तीन वर्षांनी मुंबईचा रोव्हर्स चषक आला. भारतात फुटबॉलचे संघटित संघ तेव्हा प्रामुख्याने ब्रिटिश पलटणींचे होते. छावण्या शेकडो मैलांवर विखुरलेल्या होत्या आणि पलटणींचा मुक्काम ठरावीक काळाने हलत असे. अशा संघांना वर्षभर चालणारी लीग अशक्यच. काही दिवस एके ठिकाणी जमून आटोपणारी बाद स्पर्धा मात्र शक्य होती. मुंबई त्यास सोयीची होती. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला होता. १८६४ पासून गुजरातकडील गाडी वसईची खाडी ओलांडून, भाईंदरवरून मुंबईत येऊ लागली होती. ‘वाँडरर्स’ आणि ‘रोव्हर्स’ ह्या दोन्ही नावांचा अर्थ ‘भटके’ असाच आहे. भारतातील पलटणींच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बाद पद्धती मैदानावर कोणाचा दर्जा पाहत नाही. हरणारा, मग तो कोणीही असो, वजा होतो. म्हणूनच १९११ साली कलकत्त्यास मोहन बागान संघ ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २–१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकू शकला. परंतु यादीत नाव कोणाचे येणार, हे पद्धती ठरवीत नाही. ते संयोजक आणि समाजस्थिती ठरवितात. रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय संघ प्रथम उतरला तो १९२३ साली. मोहन बागान तेव्हा डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून १–४ असा हरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स हा पहिला भारतीय विजेता ठरला. तोपर्यंतची विजेत्यांची यादी वाचताना वाचकास प्रामुख्याने ब्रिटिश परगण्यांचा भूगोल भेटतो. भारतातील शहराचे नाव त्या वर्षी प्रथम येते. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलीस संघाने हा चषक राखला.

तेव्हा १८९१ हे रोव्हर्स चषकाचे जन्मवर्ष खरे. पण त्याच्या राष्ट्रीयत्वाचा आरंभ १९२३ ते १९३७ ह्या काळातच शोधावा लागतो. स्पर्धेचा विस्तार देशभर असणे आणि ती देशाची असणे, ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली लोहमार्गाने साधली. दुसरीस जवळजवळ अर्धे शतक लागले. कलकत्त्यात शहरापुरती लीग १८९८ साली सुरू झाली. देशव्यापी राष्ट्रीय लीग मात्र १९९६ पर्यंत आली नाही. तोवर देशातील संघांना एकत्र आणण्याचे कार्य मुख्यत्वे बाद स्पर्धांनीच केले. २०००–०१ च्या मोसमानंतर रोव्हर्स चषक खेळला गेला नाही. यादीतील अखेरचे नाव मोहन बागानचे आहे. १९२३ साली जो संघ अंतिम सामन्यात बाद झाला, त्याच्याच नावाने ती यादी पूर्ण व्हावी, ह्यात त्या संक्रमणाचा सारांश आहे.