भिंतीला पाणी कुठून येतं?

डोंबिवलीत तळघर असलेलं घर क्वचितच दिसतं. पण घरांना तळघर बनवण्याचं काम रस्त्यांनी केलं आहे. जुन्या तीनमजली इमारतींसमोर डांबराचे आणि नंतर काँक्रीटचे थर चढत गेले, इमारती होत्या तिथेच राहिल्या. आता कितीतरी तळमजल्यांच्या घरांत शिरताना एखादी पायरी उतरावी लागते. म्हणजे बांधताना कोणाच्या मनातही नव्हतं, पण ही घरं अर्धी तळघरं झाली. दमट हवेतल्या तळघराचं जे दुखणं जगभर असतं, तेच इथे येऊन बसलं.

या दुखण्याचं सगळ्यात चक्रावून टाकणारं रूप पाऊस उघडल्यावर दिसतं. तीन-चार दिवस संततधार लागते, तेव्हा फरशी बऱ्यापैकी कोरडी असते. मग लख्ख ऊन पडतं, घरातली बाई मोठ्या आनंदाने खिडक्या उघडते आणि तासाभरात फरशीला घाम फुटतो. पुसावी तर पुन्हा ओली. सगळे म्हणतात, जमिनीतून पाणी वर आलं. खरं तर ते खिडकीतून आत आलेलं असतं!

हवेत किती पाणी असतं याचा आपल्याला अंदाजच नसतो. तीस अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे आपली जुलैतली नेहमीची हवा. तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तीन मीटर लांब, तेवढीच रुंद आणि उंच खोली धरली, तर नुसत्या हवेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी तरंगत असतं. ही हवा साधारण २६ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली, की तिला ती वाफ सांभाळता येत नाही आणि दव पडतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात, तसंच. पावसाने गारठलेली फरशी उन्हाबरोबर लगेच तापत नाही, खालची माती तर त्याहून सावकाश. हवा मात्र घटकाभरात गरम आणि आणखी दमट होते. म्हणून ज्या दिवशी ऊन पडलं, त्याच दिवशी घर ओलं!

अर्थात दोष नेहमीच हवेचा नसतो. विटेत आणि गिलाव्यात केसाहून बारीक छिद्रं असतात, आणि छिद्र जितकं बारीक तितकं पाणी त्यातून उंच चढतं. छिद्राची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल, तर हिशेबाने पाणी जवळपास दीड मीटर चढू शकतं, तेही पंपाशिवाय. वाटेत ते भिंतीतले क्षार विरघळवतं, पृष्ठभागावर येऊन वाळतं आणि क्षार मागे ठेवून जातं. तोच लोणा. त्याचे स्फटिक वाढताना रंगाचे पोपडे काढतात. हे चढणं रोखायला जोत्यावर ओल अडवणारा थर घालतात, गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. पण रस्ता आणि अंगण भरत भरत त्या थराच्या वर गेलं, की पाण्याला त्याला वळसा घालून भिंतीत शिरता येतं. थर जागच्या जागी शाबूत, आणि तरी निकामी. जुनी माणसं उंच जोतं बांधत, तेही काळ्या घट्ट दगडाचं, हे किती शहाणपणाचं होतं!

मग आपल्या भिंतीला पाणी हवेतून येतं की जमिनीतून? हे घरबसल्या कळतं. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन घ्या, भिंत पुसून तो चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. खोलीकडच्या चकचकीत बाजूला थेंब दिसले, तर पाणी हवेतलं. फॉइल काढल्यावर मागे ओल निघाली, तर भिंतीतलं. दोन्हीकडे असली, तर दोन्ही दुखणी आहेत.

उपाय त्यावरून ठरतो. जमिनीतलं पाणी असेल तर आधी बाहेरची माती खाली उतरवा, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब न्या, गटाराला उतार द्या. हवेतलं असेल तर भिंतीचं तापमान दव पडण्याच्या तापमानाच्या वर राहिलं पाहिजे, आणि इथे उष्णतारोधक थराची गंमत आहे. एक इंच थर्माकोल उष्णता जेवढी अडवतो, तेवढी अडवायला विटांची सुमारे वीस इंच भिंत लागेल! मात्र तो भिंतीला मागे पोकळी न ठेवता चिकटवावा आणि वरून गिलावा करावा, कारण उघडा थर्माकोल भडकन पेटतो. ओलसर भिंतीवर प्लास्टिकचा वॉलपेपर कधीच लावू नये. थंड देशांत बाष्प अडवणारा पडदा खोलीच्या बाजूने लावतात, कारण तिथे गरम दमट हवा आत असते. आपल्याकडे एसीच्या खोलीत उलटं होतं, वाफ बाहेरून आत येते, वॉलपेपरमागे अडते आणि तिथेच बुरशी धरते. शेजारच्या खोलीत एसी सुरू असेल, तर सामाईक भिंत गार पडते, म्हणून तिच्याजवळ कपाट उभं करताना चार बोटं जागा सोडावी.

आणखी एक झरा प्रत्येक घरात आहे. गॅस जळला की पाणी तयार होतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं. भाताची, चहाची वाफ वेगळीच. त्यामुळे ओट्यावरचा एक्झॉस्ट पंखा स्वयंपाक होईपर्यंत चालू ठेवा. पाऊस उघडून कडक ऊन पडलं की तळमजल्याच्या खिडक्या, फरशी जरा तापेपर्यंत, बंद ठेवा. आणि रंगाऱ्याला बोलावण्याआधी तो फॉइलचा चौकोन एकदा लावून बघाच.