टाचेतले चार थेंब

बाळ गुटगुटीत आहे, दूध पिते आहे, मग त्याच्या टाचेला सुई कशाला टोचायची? बाळंतिणीच्या खाटेजवळ बसलेली आजी हा प्रश्न हमखास विचारते. प्रश्न रास्त आहे. पण ही तपासणी असते ती निरोगी दिसणाऱ्या बाळासाठीच.

अन्नातील घटकांचे शरीरात रूपांतर करण्याचे काम एन्झाइम करतात. जन्मतःच एखादे एन्झाइम सदोष असेल, तर काही घटक रक्तात साचतात. ‘फिनाइलकीटोनुरिया’ या आजारात प्रथिनांतील फिनाइलॲलनिन साचते आणि मेंदूची वाढ खुंटते. गर्भात असताना आईचे शरीर हा भार वाहते, म्हणून जन्मावेळी बाळात काहीच वेगळे दिसत नाही. लक्षणे दिसतात, तोवर झालेले नुकसान सहसा भरून येत नाही.

नॉर्वेच्या डॉ. फोलिंग यांनी १९३४ मध्ये हा आजार ओळखला. पुढे आहारबदलाचा उपाय सापडला. पण बाळ वेळेत हेरायचे कसे? अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात मार्ग काढला. टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदासारख्या जाड कागदावर घेऊन सुकवायचे. असा नमुना टपालानेही पाठवता येतो. आज एकाच कागदावरून अनेक आजारांची चाचपणी होते. जन्मजात थायरॉइड कमतरताही त्यातच कळते. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची स्वस्त गोळी सुरू झाली, तर ही मुले सहसा इतरांसारखीच वाढतात.

नमुना शक्यतो जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत घ्यावा. फार लवकर घेतल्यास दोष निसटू शकतो. लवकर घरी सोडले असल्यास पुन्हा यावे लागते. आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर यातील बहुतेक आजारांचा धोका प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के असतो. नात्यात लग्न झाले असल्यास किंवा आधीचे बाळ कारण न कळता दगावले असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपल्याकडे प्रत्येक रुग्णालयात ही तपासणी आपोआप होतेच असे नाही. प्रसूतीपूर्वीच विचारून ठेवावे.

अहवालात शंका आली म्हणजे आजार आहेच, असे नाही; खात्रीसाठी दुसरी तपासणी लागते. घाबरून अंगावरचे दूध परस्पर तोडू नये. मात्र रुग्णालयातून फोन आला, तर ‘बाळ छान खेळतंय, पुढच्या आठवड्यात बघू’ असे म्हणू नये. त्याच दिवशी निघावे.