चिलापी पोट भरते, सकर जाळं फाडतो

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

पुणे-सोलापूर हायवेवर भिगवणला थांबून कधी मासे खाल्लेत? ताटात चिलापी आली असेल, तर तुम्ही मूळ आफ्रिकेतला मासा खाल्लात. चिलापी म्हणजे टिलापिया. 1952 मध्ये हा मासा मुद्दाम भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं जास्त वाचतात. वर्षातून अनेकदा वीण होते. मग स्थानिक माशांना खाणं आणि जागा कमी पडते.

तुम्ही म्हणाल, मग काढून टाका की! इथेच गाडी अडते. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या कितीतरी घरांत रोजचा पैसा चिलापीतून येतो. आपल्यासाठी ती ‘परकी जात’ असेल, त्यांच्यासाठी ती संध्याकाळची चूल आहे.

आता दुसरा मासा बघा, सकर. हा दक्षिण अमेरिकेतला. काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून आपण घरी आणतो. तो मोठा झाला, टाकी लहान पडली, की कुणीतरी ‘जीवदान’ म्हणून नदीत सोडून येतं. उजनीतही तो सापडलाय. अंगावर टणक कवच, परांना काटे. जाळं फाटतं आणि बाजारात गिऱ्हाईकही नाही. म्हणजे हौस शहराची, भुर्दंड मच्छीमाराला!

पाणी एकच, मासे दोन्ही परके. पण एक हवा, एक नको. म्हणून सगळ्यांना एकच नियम लावून भागत नाही. नुसती बंदीही पुरत नाही. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी तो चोरून पाळतात. कारण सोपं आहे: घाण पाण्यातही जगतो, झपाट्याने वाढतो, विकला जातो.

मला वाटतं, सुरुवात मच्छीमारांपासून व्हावी. जाळ्यात आलेला सकर परत पाण्यात जाऊ नये, असं वाटत असेल तर तो काठावर आणण्याचे पैसे त्यांना मिळायला हवेत. चिलापी कमी करायची असेल, तर तोवर घर कशावर चालणार, हे आधी ठरवावं लागेल.

आणि आपण? टाकीतला मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, हौशी मित्राला द्या. नदीत, तळ्यात, विहिरीत मात्र सोडू नका. तुमच्याकडच्या तळ्यात असा मासा दिसलाय? फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात बोलू.